कॅव्हेंडिशचे वडील

अकरावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना हेन्री कॅव्हेंडिशचे नाव घ्यावेच लागते. शिशाचे दोन मोठे गोळे, दोन लहान गोळे, तारेने टांगलेला लाकडी दांडा आणि खोलीबाहेर उभे राहून दुर्बिणीतून घेतलेली मापे. या प्रयोगाबरोबर वर्गात एक गोष्टही सांगितली जाते. कॅव्हेंडिश अतिशय श्रीमंत होता, पण जुनाट कपडे वापरी. बायकांची त्याला भीती वाटे, म्हणून जेवणात काय हवे ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवी. कोणाशी बोलत नसे. एकटाच राहून त्याने पृथ्वीचे वजन केले. ही गोष्ट आम्ही विद्यार्थीदशेत ऐकली आणि पुढे स्वतः कित्येकदा रंगवून सांगितली. मुले हसतात, तास बरा जातो.

गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातून एक माणूस गाळला गेला आहे. तो म्हणजे हेन्रीचे वडील, लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश. त्यांची ओळख झाल्यावर ‘एकटाच’ हा शब्द आम्हाला खटकू लागला.

लॉर्ड चार्ल्सचा जन्म १७०४ सालचा. घराणे डेव्हनशायरच्या ड्यूकचे, म्हणजे इंग्लंडमधल्या पहिल्या रांगेतल्या सरदारांपैकी एक. १६८८ साली राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध हॉलंडच्या विल्यमला ज्या सात जणांनी पत्र पाठवून बोलावले, त्यांत लॉर्ड चार्ल्सचे आजोबा होते. त्याचे फळ म्हणून १६९४ साली त्यांना ड्यूक ही पदवी मिळाली. आईकडचे आजोबा लॉर्ड रसेल यांचा मात्र राजद्रोहाच्या आरोपावरून १६८३ साली शिरच्छेद झाला होता. अशा घरात मूल जन्मले की त्याने राजकारण करायचे, हे ठरलेलेच.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्या गावांत जमिनीचे भावाभावांत हिस्से होतात आणि दोन-चार पिढ्यांत शेताची पट्टी उरते. इंग्रज सरदारांत तसे नव्हते. पदवी, वाडा, जमीन सारे थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना वार्षिक नेमणूक मिळे आणि नावापुढे ‘लॉर्ड’ हा मानाचा शब्द लागे. तोही त्यांच्यापुरताच. त्यांची मुले नुसती ‘ऑनरेबल’. लॉर्ड चार्ल्स हे दुसऱ्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. हाती जहागीर नाही, पण पोटाची चिंताही नाही. मुबलक वेळ आणि बेताचा पण निश्चित पैसा, अशी ही स्थिती होती. संशोधनाला याहून सोयीची स्थिती कोणती, असे आमच्यासारख्या अनुदानाचे अर्ज भरणाऱ्यांना वाटल्यावाचून राहत नाही.

हा पैसा आकाशातून पडलेला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. तो डर्बीशायर आणि इतर परगण्यांतल्या कुळांनी भरलेला खंड होता. त्या कुळांच्या पोरांत कोणी चलाख निघाले असेल, तर त्याच्या हातात तापमापक आला नाही.

लॉर्ड चार्ल्स एकविसाव्या वर्षी, १७२५ साली, पार्लमेंटचे सभासद झाले. केंटच्या ड्यूकची कन्या लेडी ॲन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिची प्रकृती तोळामासा होती. हवापालटासाठी हे जोडपे भूमध्य समुद्राकाठच्या नीस या गावी गेले आणि तिथे १० ऑक्टोबर १७३१ रोजी हेन्रीचा जन्म झाला. १७३३ च्या जूनमध्ये दुसरा मुलगा फ्रेडरिक झाला आणि सप्टेंबरमध्ये लेडी ॲन वारली. थोरला दोन वर्षांचाही नव्हता, धाकटा तीन महिन्यांचा. लॉर्ड चार्ल्स तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१७४१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी पार्लमेंट सोडले. घराण्याच्या दृष्टीने ही काही छोटी गोष्ट नव्हती. त्यांचे थोरले बंधू, तिसरे ड्यूक, त्या वेळी आयर्लंडचे राजप्रतिनिधी होते. लॉर्ड चार्ल्सचा ओढा मात्र दुसरीकडे होता. १७२७ पासून ते रॉयल सोसायटीचे फेलो होते आणि पार्लमेंट सोडल्यावर त्यांचा वेळ सोसायटीची समिती, तिचे हिशेब, तिची उपकरणे यांत जाऊ लागला. ब्रिटिश म्युझियम १७५३ साली स्थापन झाले तेव्हाच्या विश्वस्तांतही ते होते.

ते नुसते खुर्चीवर बसणारे सरदार नव्हते. १७४७ साली विल्यम वॉटसनने वेस्टमिन्स्टरच्या नव्या पुलावरून तार नेऊन थेम्स नदीतून विद्युत् जाते का हे पाहिले, त्या मंडळींत लॉर्ड चार्ल्स होते. पुढे त्यांनी स्वतः एक सुंदर उपकरण केले. एक लांब काचेची नळी मधोमध वाकवायची, पाऱ्याने भरायची आणि तिची दोन्ही टोके पाऱ्याच्या दोन वाट्यांत उलटी बुडवायची. दोन्ही बाजूंचा पारा वायुभारमापकाप्रमाणे खाली उतरतो आणि वरच्या वळणात पोकळी तयार होते. एका वाटीतल्या पाऱ्याला विद्युत् दिली की ती पोकळीतून प्रकाशाची कमान टाकत पलीकडे जाते. वॉटसनने १७५२ साली हे वर्णन प्रसिद्ध केले. नळीत धातूची पट्टी नाही, हवापंप नाही. पाराच तार आणि पाराच पंप. काच थंड असताना विद्युत् अडवते, पण चांगली तापवली की वाहू देते, हेही लॉर्ड चार्ल्सनी मापून पाहिले होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७६२ साली एका पत्रात या प्रयोगाचा उल्लेख केला आणि हे गृहस्थ इतके प्रयोग इतक्या काटेकोरपणे करतात, तर त्यांनी ते जगाला अधिक कळवावेत, अशी इच्छाही व्यक्त केली. या तक्रारीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

लॉर्ड चार्ल्सनी स्वतःच्या नावाने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एकच निबंध लिहिला. तो १७५७ सालचा आणि विषय होता काही खास कामांसाठी केलेले तापमापक. शाळेच्या भिंतीवर टांगलेला कमाल-किमान तापमापक आपण मुलांना दाखवतो. तो जेम्स सिक्सचा, १७८० च्या सुमाराचा. त्याच्याही आधी लॉर्ड चार्ल्सनी हा प्रश्न सोडवला होता. प्रश्न असा: आपण झोपलेले असताना किंवा जिथे आपल्याला जाता येत नाही अशा जागी, तापमान जास्तीत जास्त किती चढले होते, हे मागाहून कसे कळावे?

त्यांची युक्ती फळ्यावर सहज काढता येते. खाली पाऱ्याचा फुगा, त्यावर बारीक नळी. नळीत पाऱ्याच्या वर मद्यार्क, अगदी टोकापर्यंत. टोक केसासारखे बारीक ओढलेले आणि ते एका लहान काचेच्या गोळीत उघडणारे. तापमान चढले की पारा फुगतो आणि मद्यार्काला वर ढकलतो. थोडा मद्यार्क गोळीत सांडतो. तापमान उतरले की पारा आकसतो, मद्यार्क खाली येतो, पण सांडलेला परत येत नाही. म्हणजे नळीच्या वरच्या टोकाला काही भाग रिकामा राहतो. हा रिकामा भाग जितक्या अंशांचा, तितके अंश तापमान आत्ताच्या पेक्षा वर गेले होते. आत्ता पारा २० अंश दाखवीत असेल आणि रिकामा भाग १२ अंशांचा असेल, तर मधल्या काळातले कमाल तापमान ३२ अंश. पुन्हा वापरण्यासाठी उपकरण तिरपे करायचे, गोळीतला मद्यार्क बारीक तोंडाशी आणायचा, फुगा थोडा तापवून मग थंड होऊ द्यायचा. मद्यार्क आत ओढला जातो. यात कोठेही चल भाग नाही. किती सांडले, यावरून किती चढले हे ओळखायचे. दूध उतू गेले की शेगडीवरच्या डागावरून आपल्या आया ते ओळखतातच. किमान तापमानासाठी त्यांनी याच तत्त्वावर वाकड्या नळीचे दुसरे उपकरण दिले.

या निबंधाबद्दल लॉर्ड चार्ल्सना १७५७ चे कॉप्ली पदक मिळाले. रॉयल सोसायटीचा तो सर्वांत मोठा मान. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या पूर्वार्धात त्यांचा पुतण्या, चौथा ड्यूक, ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याचे पंतप्रधानपद आठ महिन्यांच्या आत संपले. आज त्याचे नाव इतिहासाच्या शिक्षकांनाही चटकन आठवणार नाही. काकांचा तापमापक मात्र १७७३ साली कॅप्टन फिप्सच्या उत्तर ध्रुवाकडील सफरीत समुद्राच्या खोल पाण्याचे तापमान घेण्यासाठी वापरला गेला. (या सफरीवर एक चौदा वर्षांचा पोरगाही होता. त्याचे नाव होरेशिओ नेल्सन.) खोल पाण्याच्या दाबाने नळीतले द्रवही किंचित दबतात, म्हणून आकड्यांना दुरुस्ती द्यावी लागे. द्रव दाबले जातात ही गोष्ट तेव्हा नवी होती. जॉन कँटनने १७६२ साली पाणी दाबले जाते असे दाखवले आणि त्यावर वाद उठला, तेव्हा ज्यांच्या प्रयोगांनी कँटनला दुजोरा दिला त्यांत पुन्हा लॉर्ड चार्ल्स होते.

आता मुलाकडे वळू. हेन्री हॅक्नी येथील शाळेत शिकला, १७४९ साली केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात गेला आणि १७५३ साली पदवी न घेता परत आला. धाकटा फ्रेडरिकही तिथेच शिकत होता. १७५४ साली तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडला. डोक्याला झालेल्या इजेने तो जन्मभर पूर्ववत् झाला नाही. १८१२ पर्यंत तो जगला, खेड्यात, दुसऱ्यांच्या देखभालीखाली. पत्नी गेली, एक मुलगा असा झाला. घरात उरले बाप आणि अबोल थोरला. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील घरात हे दोघे जवळजवळ तीस वर्षे राहिले. हेन्रीचा खरा अभ्यास या घरात झाला.

१७५८ पासून लॉर्ड चार्ल्स त्याला पाहुणा म्हणून रॉयल सोसायटीच्या सभांना आणि फेलोंच्या गुरुवारच्या भोजनमंडळाला घेऊन जाऊ लागले. अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलणे ज्याला जड, त्या मुलाला वडिलांनी हात धरून नेमक्या अशा खोलीत नेले, जिथे उपकरणांविषयी बोलले तरी चालत होते. १७६० साली हेन्री फेलो झाला. १७६६ साली त्याने आम्लात धातू टाकून निघणाऱ्या ज्वलनशील हवेवर, म्हणजे आजच्या हायड्रोजनवर, निबंध वाचला आणि कॉप्ली पदक मिळवले. बापानंतर नऊ वर्षांनी मुलाला तेच पदक. हेन्री पन्नास वर्षे जवळजवळ दर गुरुवारी त्या भोजनाला जात राहिला. चिठ्ठीवर जेवण मागवणारा माणूस तोच. गोष्टीचा हा दुसरा अर्धा भाग आम्ही वर्गात कधी सांगितला नव्हता.

बापाचे काम मुलाच्या कामात कुठे मिसळले हे कधी कधी बोट ठेवून दाखवता येते. काचेच्या बारीक नळीत पारा असायला हवा त्यापेक्षा थोडा खाली राहतो. नळी जितकी बारीक तितका अधिक खाली. वायुभारमापक वाचताना ही दुरुस्ती द्यावीच लागते. निरनिराळ्या व्यासांच्या नळ्यांत पारा किती खाली राहतो याचे कोष्टक लॉर्ड चार्ल्सनी मापून काढले होते आणि तसेच ठेवून दिले होते. १७७६ साली हेन्रीने रॉयल सोसायटीच्या हवामान-उपकरणांवर निबंध लिहिला, त्यात वडिलांच्या नावाने ते छापले. केशाकर्षणाचा सिद्धांत मांडणाऱ्यांना ते पुढे उपयोगी पडले.

त्या काळी तापमापक बनवणारा प्रत्येक कारागीर उत्कलनबिंदू आपापल्या रीतीने ठरवी. कोणी फुगा उकळत्या पाण्यात बुडवी, कोणी अर्धी नळी बाहेर ठेवी. त्यामुळे दोन चांगले तापमापकसुद्धा एकमेकांशी जुळत नसत. रॉयल सोसायटीने यासाठी हेन्रीच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि तिचा अहवाल १७७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली शिफारस अशी होती: तापमापक उकळत्या पाण्यात नव्हे, पाण्याच्या वाफेत धरा; फुग्याबरोबर नळीही वाफेत असू द्या; आणि हवेचा दाब ठरावीक, २९.८ इंच पारा, असतानाच खूण करा, नाहीतर दुरुस्ती द्या. उकळते पाणी भांड्याच्या तळाशी, भांड्याच्या द्रव्याप्रमाणे, थोडे जास्त तापू शकते. त्यातून निघालेली वाफ मात्र स्थिर असते. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. चंबूत पाणी उकळा, तापमापक आधी पाण्यात आणि मग वाफेत धरा, दोन्ही आकडे लिहा. पुण्यात केलात तर वाफेतला आकडा ९८ अंशांच्या आसपास येईल, मुंबईत १०० च्या जवळ. विद्यार्थी म्हणतील तापमापक चुकीचा आहे. मग हवेच्या दाबाकडे वळायचे.

लॉर्ड चार्ल्स १७८३ साली वारले. हेन्री तेव्हा एकावन्न वर्षांचा होता. मोठी संपत्ती त्याच्या हाती आली ती त्यानंतर. त्या धनापेक्षा वडिलांच्या दोन सवयींनी त्याच्या विज्ञानाला अधिक आकार दिला, असे आम्हाला वाटते. एक म्हणजे उपकरणावर अविश्वास. आकडा आला की आधी विचारायचे, यात खोट कुठे असेल? १७८५ साली त्याने हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनबरोबर ठिणग्यांनी संयोग पाववून शोषून घेतला. शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनाच्या १२०व्या भागाहून मोठा नाही. दुसऱ्या कोणी त्याला प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिले असते. त्याने तो नोंदवला. १८९४ साली रॅले आणि रॅम्झे यांनी ऑरगॉन शोधला, तेव्हा त्या बुडबुड्याचा उलगडा झाला. पासष्टी उलटल्यावर, १७९७-९८ साली, क्लॅपमच्या घरी त्याने पृथ्वीची घनता काढली. उपकरण मूळचे जॉन मिचेलचे. मिचेल वारल्यावर ते त्याच्याकडे आले. निबंधाचा बराचसा भाग हवेचे झोत, दांड्याचे व पेटीचे आकर्षण, गोळ्यांचे तापणे अशा चुकांच्या शोधात गेला आहे. उत्तर आले पाण्याच्या ५.४८ पट. आजचे मूल्य ५.५१.

दुसरी सवय मौनाची. फ्रँकलिनने वडिलांविषयी जी तक्रार केली, तीच मुलाविषयी शंभरपट करता येईल. हेन्री १८१० साली वारला, तेव्हा सुमारे दहा लाख पौंडांची मालमत्ता आणि विजेवरच्या प्रयोगांची न छापलेली पानेच्या पाने मागे राहिली. दोन विद्युत्‌भारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्याने कूलोंच्या आधी प्रयोगाने दाखवले होते. एका धातूच्या गोलाभोवती दुसरा पोकळ गोल ठेवून, दोन्ही तारेने जोडून, आतल्यावर भार उरत नाही हे त्याने पाहिले आणि त्यावरून वर्गाचा घातांक २ पासून एक पन्नासांशापेक्षा जास्त ढळू शकत नाही, असे गणित केले. वेगवेगळ्या द्रावणांतून विद्युत् किती वाहते याची तुलना त्याने स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या धक्क्यावरून केली होती. ओहमचा नियम प्रसिद्ध झाला १८२७ साली. या मौनाचे कौतुक आम्हाला करवत नाही. नोंदवहीत राहिलेला शोध म्हणजे बांधून ठेवलेले बियाणे. कूलोंला आणि ओहमला तेच शेत पुन्हा नांगरावे लागले.

हेन्रीचे लग्न झाले नव्हते. त्याच्या संपत्तीचा मोठा वाटा नात्यातल्या लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश यांच्याकडे गेला. त्यांचा नातू विल्यम केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८२९ साली दुसरा आला आणि पुढे सातवा ड्यूक व त्याच विद्यापीठाचा कुलपती झाला. विद्यापीठाला भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा हवी होती आणि पैसे नव्हते. १८७० साली ड्यूकने पत्र लिहून खर्च उचलण्याची तयारी दाखवली. अंदाज होता ६,३०० पौंडांचा. १८७४ साली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. मुंबईचे होमी भाभा पुढे तिथेच शिकले.

प्रयोगशाळेचा पहिला प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल. घराण्याकडे पडून राहिलेली हेन्रीची हस्तलिखिते ड्यूकने त्याच्या स्वाधीन केली. मॅक्सवेलने पाच वर्षे त्यांवर घालवली. नुसती नक्कल करून तो थांबला नाही. दोन गोलांचा प्रयोग प्रयोगशाळेत पुन्हा करवला आणि त्या वेळच्या अधिक नाजूक उपकरणांनी घातांकातली शक्य चूक एक एकवीस हजार सहाशेंशापर्यंत खाली आणली. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रंथ छापून झाला. ५ नोव्हेंबरला मॅक्सवेल वारला.